बांधावरून : दोन काड्यांचा चूड

वैशाख निम्मा सरला की या सदराच्या टपालाला भाताचा वास यायला लागतो. तोवर आंब्यावरचा तुडतुडा आणि सुपारीची गळ यांचंच राज्य. या खेपेला मात्र निम्म्याहून अधिक पत्रं एकाच विषयावर आली : संकरित भात, म्हणजे दोन निराळ्या वाणांच्या संकरातून केलेलं, दरवर्षी विकत आणावं लागणारं बी, घ्यावं की न घ्यावं, आणि घ्यायला लावावं तर कसं. कृषी सहायक म्हणून माझी ३१ वर्षं कोकणात बांधावर गेली. त्यातली निदान वीस तरी या बियाण्याची पिशवी खांद्यावर घेऊन हिंडण्यात गेली असतील. तेव्हा आज दुसरं काही नको.

प्रश्न : सर, सप्रेम नमस्कार. मी गेल्या वर्षीच महाड तालुक्यात रुजू झाले. या खरिपात माझ्या चार गावांत संकरित भाताची प्रात्यक्षिकं घ्यायची आहेत. सभेला लोक येतात, माना डोलावतात, चहा पितात आणि पेरतात मात्र घरचंच बी. एक आजोबा तर तोंडावर म्हणाले, "पोरी, तू बदलून जाशील. पुढल्या साली बी कोण देनार?" मला उत्तर सुचलं नाही. काय सांगायला हवं होतं?

उत्तर : ताई, आजोबांचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मला ते उमगायला सहा वर्षं लागली, तुम्हाला पहिल्याच पावसाळ्यात फुकट मिळालं.

कर्जतच्या भात संशोधन केंद्रातून सह्याद्री हा संकरित वाण १९९८ साली बाहेर पडला. आम्हा पोरांना त्याचं केवढं अप्रूप! मला वाटायचं, पिशवी हातात दिली की आपलं काम झालं. पहिलं प्रात्यक्षिक घेतलं ते सरपंचांच्या खाचरात. रस्त्याला लागून, विहिरीच्या अंगाला, वाड्यातलं सगळं शेणखत वर्षानुवर्षं तिथेच पडलेलं. पाटी लावली. पीक असं आलं की एसटीचा ड्रायव्हर गाडी हळू करून बघायचा. शेतकरी मेळावा झाला, भजी झाली, भाषणं झाली. पुढच्या वर्षी त्या गावात किती पिशव्या गेल्या? दोन. त्यातली एक सरपंचांचीच. एका गृहस्थाला कारण विचारलं तर म्हणाला, "साहेब, त्या खाचरात दगड पेरला तरी लोंबी धरंल. आमच्यात करून दाखवा."

मग त्यांच्यात करून दाखवायला गेलो आणि तोंडावर आपटलो. वीस गुंठ्यांना चार किलो बी दिलं होतं. एकरी आठ किलो, हा हिशेब बरोबर होता. लावणीच्या दिवशी मला नेमकी तालुक्याची बैठक लागली. दुपारी दोनला इरलं सावरत पोचतो तर तरवा, म्हणजे लावणीची रोपं, संपलेला आणि लावणी झालेली आठ गुंठे. उरलेल्या बारा गुंठ्यांत चिखल करून ठेवलेला, त्यात बगळे. वाकून एक चूड, म्हणजे एका जागी खोचलेली रोपांची जुडी, उपटला. मोजल्या, आठ काड्या. दुसरा उपटला, नऊ. लावणीवाल्या बायांतली सगळ्यात थोरली माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "दोन काड्यांचा चूड पावसात उभा ऱ्हाईल का? एक खेकडा खाईल, एक वाहून जाईल, मंग नाव आमचं."

तिचं काय चुकलं होतं? घरचं बी कणगीतून उपसून काढायचं असतं तेव्हा आठ काड्या लावणं हा विमा असतो. आईच्या हाताखाली शिकलेला हात, तो मूठभर रोपं उचलणारच. चूक माझी होती. मी सभा घेतली पुरुषांची, देवळात. आणि भात लावतात बायका, शेतात. त्यांना कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं की ही पिशवी विकतची आहे, यातली प्रत्येक काडी पैशाची आहे आणि हे रोप एकटंच फुटवे काढून पसरायला बघतं.

पुढल्या वर्षी मी तरवा काढायच्या सकाळीच गेलो. चिखलात उतरलो आणि स्वतः एक ओळ लावली, दोन-दोन काड्या, ओळीत २० सेंटिमीटर, चुडात १५. माझी ओळ नागासारखी वाकडी गेली. बाया इतक्या हसल्या की त्या दिवसाचा निम्मा कार्यक्रम तिथेच यशस्वी झाला. शेजारची एक ओळ मुद्दाम त्यांच्या रीतीने आठ काड्यांची ठेवली. गणपतीला गावात सगळे होते तेव्हा त्याच थोरल्या बाईंना बांधावर नेऊन दोन्ही ओळींतला एकेक चूड मोजायला लावला. माझ्या दोन काड्यांना सतरा फुटवे. त्यांच्या आठ काड्यांना पंधरा. त्यांनी पुन्हा मोजले. मग काही न बोलता पुढच्या चुडाकडे गेल्या. त्या वर्षापासून त्या वाडीत मला सभा घ्यावी लागली नाही.

तेव्हा पहिलं सांगणं : चहा देवळात पाजा, पण बोलणं लावणीवाल्यांशी करा. खेकड्याची भीती खरी आहे. बांधाकडच्या दोन ओळी दाट ठेवा आणि कोपऱ्यात मूठभर तरवा राखून ठेवा नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या मोकळ्या जागा, भरायला. आणि रोप २१ ते २५ दिवसांचं असतानाच लावा. पाऊस लांबून तरवा म्हातारा झाला तर या बियाण्याचा फुटव्याचा जोरच निघून जातो, मग दोन काड्यांचा हट्ट धरू नका, तीन लावा.

दुसरं, शेत निवडणं. इथे तुम्हाला जरा आकडे मांडून दाखवतो, कारण सभेत आपण 'वीस टक्के जास्त उत्पन्न' म्हणतो आणि ऐकणारा मनात विचारतो, कशाचे वीस टक्के? चांगल्या, पाणी धरणाऱ्या खाचरात सुधारित भात एकरी १६ क्विंटल येत असेल तर त्याचे वीस टक्के म्हणजे ३ क्विंटलच्या वर. २०२५-२६ चा हमीभाव साध्या भाताला क्विंटलमागे २,३६९ रुपये. म्हणजे सात-साडेसात हजार जादा. बियाण्याचा भाव किलोला ३०० धरला तर आठ किलोचे २,४०० गेले. घरचं बी वापरलं असतं तर २० किलो भात, म्हणजे पाचएकशे रुपये. खत थोडं जास्त लागतं, संकरित भाताला हेक्टरी नत्र १२० किलोपर्यंत जातं. सगळं वजा जाता चार-साडेचार हजार हाती राहतात. चांगलं आहे.

आता तेच वरकस माळाच्या उताराचं खाचर घ्या. ऑगस्टमध्ये आठ दिवस ऊन पडलं की तडे जाणारं. तिथे मुळात ८ क्विंटल येतं. त्याचे वीस टक्के दीड क्विंटल. बी आणि खत वजा केलं तर हाती राहतो चहाचा खर्च. आणि पाऊस दगा देऊन गेला तर पिशवीचे पैसेही बुडाले. हा माणूस तुम्हाला 'नाही' म्हणतो तेव्हा तो मागासलेला नसतो, त्याने हा हिशेब पावकी-निमकीत आधीच केलेला असतो. त्याला आग्रह करू नका. त्याच्यासाठी कर्जत-३ सारखा हळवा, म्हणजे लवकर येणारा, सुधारित वाण आणि चारसूत्री लागवड पद्धतीतल्या खताच्या गोळ्या, एवढ्याने त्याचं जास्त भलं होईल. चार चुडांच्या मधोमध एक गोळी, बोटभर खोल खोचायची, खत पाण्याबरोबर वाहून जात नाही. तुमचा प्रात्यक्षिकांचा आकडा त्याने भरणार नाही, हे मला कळतं. पण आकडा भरायला चुकीचं खाचर घेतलंत तर त्या वाडीत पुढची दहा वर्षं 'हायब्रीड' हा शब्द शिवीसारखा वापरतील. मी वापरून घेतलाय.

वाणाची मुदतही खाचर बघून ठरवा. सह्याद्रीमागून आलेल्या भावंडांत लवकर येणारेही आहेत, उशिरा येणारेही. उताराला हळवं, मधल्याला निमगरवं, पाणी उशिरापर्यंत थांबतं तिथेच गरवं. दुकानदार जे शिल्लक आहे ते देतो आणि दसऱ्याच्या आत कापायचं शेत दिवाळीपर्यंत हिरवं उभं राहतं. मग परतीचा पाऊस येतो आणि आडवं करतो. लोक म्हणतात, बी वाईट.

प्रात्यक्षिक कसं घ्यायचं तर एकाच खाचराची मधून वाटणी करा. अर्ध्यात त्याचं नेहमीचं भात, अर्ध्यात संकरित. माती तीच, खत तेच, मालक तोच. कापणीला दोन्हीकडे १० मीटर बाय १० मीटरचा तुकडा दोरीने आखा, म्हणजे झाला एक गुंठा. झोडून, वारवून, सगळ्यांसमोर काट्यावर वजन. काटा गावातल्याच दुकानाचा आणा, आपल्या कार्यालयाचा नको. आकडा मोठ्याने शेतकऱ्यालाच वाचायला सांगा. एका वर्षी माझ्या समोर संकरित भात दोन किलोंनी कमी भरलं. कडाकरपा रोग आला होता, नत्र आमच्याच हौसेने जास्त पडलं होतं. तेही मोठ्याने वाचलं. खोटं वाटेल, पण पुढच्या वर्षी त्या गावातून मागणी वाढली.

आणि आजोबांचं उत्तर? बी कोण देणार, हे आधी ठरवून मगच गावात जा. विकास सोसायटी किंवा जवळचा कृषी सेवा केंद्रवाला, कोणी एक जण मे महिन्यात नोंदणी घेऊन तोच वाण, त्याच नावाने, पुढली तीन वर्षं आणून देईल असं कबूल करून घ्या. दरवर्षी विकत घ्यायचं बी जर दरवर्षी वेगळ्याच नावाने येत असेल तर शेतकरी काय शिकणार? आजोबांना सांगा, मी बदलून जाईन, दुकान बदलून जाणार नाही. हे खरं करता आलं तरच सांगा.

प्रश्न : भाऊ, मी साकोली तालुक्यातला. दोन सालांआधी एका कंपनीचं हायब्रीड धान लावलं, पीक झकास झालं. बी महाग म्हणून त्यातलंच तीस किलो राखून ठेवलं आणि गेल्या पावसाळ्यात त्याचे पऱ्हे टाकले. रोवणी झाली, आणि पुढं धानाची बांधी पाहवेना. कुठं उंच, कुठं ठेंगणं, काही निसवलं, काही हिरवंच. काही लोंबांत तर दाणाच नाही. दुकानदारानं पहिल्या साली काही भलतंच दिलं होतं का?

उत्तर : नाही भाऊ, दुकानदार निर्दोष आहे. पहिल्या सालीचं पीकच साक्ष देतंय की बी अस्सल होतं. पिशवीतलं संकरित बी म्हणजे दोन निराळ्या वाणांचं पहिल्या पिढीचं लेकरू. ती सगळी भावंडं एकसारखी आणि अंगापिंडाने आईबापांहून उजवी. पण त्यांची पुढची पोरं कोणी आज्यावर जातात, कोणी आजीवर, कोणी कोणावरच नाही. तुमच्या बांधीत उंच-ठेंगणं दिसलं ते हे.

दाणाच न धरलेल्या लोंबांची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती मुळापासून सांगण्यासारखी आहे. धानाच्या प्रत्येक फुलात नर-मादी दोन्ही असतात. फूल उघडायच्या सुमारालाच आतल्या आत लग्न लागून जातं. मग दुसऱ्या वाणाशी संकर करायचा कसा? मक्याला तुरा खुडता येतो. धानाची एवढाली फुलं लाखोंनी कोण खुडणार? त्यासाठी असं झाड हवं की ज्याचा नर जन्मतःच वांझ आहे. चीनमध्ये युआन लाँगपिंग यांनी १९६४ पासून हाच ध्यास घेतला होता. शेवटी १९७० साली हैनान बेटावर त्यांच्या सहकाऱ्यांना जंगली धानात असं एक वांझ झाड सापडलं. त्याच्यावरून १९७३ मध्ये पद्धत बसली आणि १९७६ पासून चिनी शेतकऱ्यांच्या बांधीत संकरित धान गेलं. आपल्याकडे १९८९ च्या अखेरीस देशभर काम नीट सुरू झालं आणि १९९४ मध्ये पहिले वाण आले.

या पद्धतीत तीन घराणी लागतात. एक आई, जिचा नर वांझ. दुसरा तिचा भाऊ, हुबेहूब तिच्यासारखा पण नर शाबूत असलेला. तो नसेल तर आईचं बीच पुढच्या सालासाठी तयार होणार नाही. आणि तिसरा बाप, ज्याच्या अंगी वांझपण मोडून काढायचा गुण असतो. तुमच्या पिशवीतल्या प्रत्येक दाण्याला आईचं वांझपण मिळालेलं असतं आणि बापाचा तो गुणही, म्हणून पीक भरतं. पुढच्या पिढीत वांझपण सगळ्यांच्या वाट्याला येतं, गुण मात्र सगळ्यांना पोचत नाही. ज्यांना पोचला नाही त्यांच्या लोंबी पळंज निघतात. एखादी लोंबी उन्हाकडे धरून बघितली असतीत तर टरफलांतून आरपार उजेड दिसला असता.

बी महाग का, हे मला कर्जतला एका फेब्रुवारीत दिसलं. शेतात दोन ओळी बापाच्या, मग आठ ओळी आईच्या, परत दोन बापाच्या. दोघांचा फुलोरा एका वेळी यावा म्हणून पेरणीच्या तारखा मागेपुढे केलेल्या. आईची लोंबी धड बाहेर पडत नाही, पोटरीत गळ्यापर्यंत अडकून राहते, म्हणून तिला ओढून काढायला जिबरेलिक आम्लाची फवारणी. सकाळी दहाच्या सुमाराला फुलं उघडली की दोन गडी दोन बांधांवर दोराची टोकं धरून उभे राहिले आणि बापाच्या ओळींवरून दोर ओढत नेला. उन्हात पिवळसर धूर उठल्यासारखा पराग उडाला आणि आईच्या ओळींवर बसला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. फुलं तास-दीड तासच उघडी असतात, त्यातच काय ते. त्या दिवशी वारा पडलेला असला, पाऊस आला, की त्या दिवसाचं बी गेलं. आपल्या देशातलं बरंचसं संकरित धानाचं बी असं तेलंगणात, करीमनगर-वरंगळच्या पट्ट्यात उन्हाळी हंगामात तयार होतं. ही मेहनत पाहिल्यावर भावाबद्दल माझी तक्रार थोडी कमी झाली. संपली नाही.

तुम्हाला बी राखायचंच असेल तर संकरित सोडून सुधारित वाणाकडे या. तुमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून एचएमटी धान तयार केलं, त्या वेळच्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. ते धान घरोघरी गेलं कारण राखलेलं बी तसंच उगवत होतं. संकरित लावायचं तर बी दरसाल नवं. मधला रस्ता नाही. गेल्या पावसाळ्यात तुम्ही तो चालून बघितलात.

प्रश्न : भाऊ, रोहा तालुक्यातून लिहिते. गेल्या वर्षी यजमानांनी एक एकर संकरित भात केलं. उतारा आला, नाही म्हणवत नाही. पण भात शिजवला की गोळा होतो. सासूबाई म्हणतात, पेजेला बरा, ताटाला नाही. गिरणीत कणी फार पडली. पेंढाही आखूड. यंदा पुन्हा तेच बी आणायचं चाललंय. मी नको म्हणते. कोणाचं खरं?

उत्तर : वहिनी, दोघांचंही, आणि सासूबाईंचं थोडं जास्त.

आपल्या देशातल्या सुरुवातीच्या बऱ्याचशा संकरित भातांची आई एकच होती, फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून आलेली आयआर ५८०२५ ए. तिचा तांदूळ शिजल्यावर मऊ आणि चिकट, किंचित वासाचा. तो गुण लेकरांत उतरला. दक्षिणेत तर लोकांनी त्यापायी नाक मुरडलं. पुढे आई बदलली, वाण सुधारले, पण बदनामी राहिली. तुमच्याकडचा वाण कोणता ते पत्रात नाही, तरी आणखी एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे. संकरित झाडावर धरलेला दाणा हा आधीच पुढच्या पिढीचा असतो. वरच्या पत्रात बांधीत झाडं सारखी नव्हती ना, तसे इथे पातेल्यात दाणे सारखे नसतात. काही आधी शिजतात, काही मागाहून. आधी शिजलेले गोळा करतात.

कणीचं काम बरंचसं तुमच्या हातात आहे. लोंबीतले तळापर्यंतचे सगळे दाणे पिवळे होईपर्यंत थांबू नका. दहातले नऊ पिकले, तळाशी थोडी हिरवट छटा आहे, तेव्हा कापा. आणि मळणीनंतर डांबरी रस्त्यावर पसरू नका. कडक उन्हात दाणा वरून सुकतो, आत ओला राहतो, त्याला तडा जातो. तो तडा गिरणीत कणी होऊन बाहेर पडतो. अंगणात पातळ पसरून, हलवत, दोन-तीन दिवस. तांदूळ सहा महिने जुना झाला की चिकटपणाही कमी होतो. तोवर पाणी बोटभर कमी घाला.

पेंढ्याला इलाज नाही. ठेंगणा वाण पडत नाही म्हणून तर दाणा जास्त धरतो.

यजमानांना सांगा : विकायच्या भाताला खुशाल संकरित करा, खरेदी केंद्रावर कोणी भात शिजवून बघत नाही. पण घरच्या ताटासाठी दहा गुंठे कर्जत-२ म्हणा, कोलम म्हणा, तुम्हाला हवं ते. माझ्या स्वतःच्या घरी अशीच वाटणी आहे, आणि ती करायला मला कोणत्या शास्त्रज्ञाने सांगितलेलं नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीला असतो, गावी मुरबाडला थोडी शेती आहे. संकरित भात म्हणजे जीएम ना? मुलं म्हणतात खाऊ नका.

उत्तर : नाही. संकरित म्हणजे भाताचं भाताशीच लग्न, वर सांगितलं तसं. जीएम, म्हणजे बाहेरचं जनुक घालून केलेल्या पिकांपैकी आपल्या देशात शेतकऱ्याला लावायला मिळतो तो फक्त बीटी कापूस, २००२ पासून. २०२५ मध्ये जनुक-संपादित, म्हणजे भाताच्याच जनुकात बदल केलेले, भाताचे दोन वाण जाहीर झाले, ती तिसरीच गोष्ट. मुलांना हे समजावण्यापेक्षा सुट्टीत लावणीला घेऊन जा. मुरबाडला जुलैत माणसं मिळत नाहीत असं ऐकतो.

प्रश्न : चिपळूणहून. गेल्या साली संकरित बियाण्याचा तरवा अर्धाच उगवला. दुकानात गेलो तर म्हणे, पुरावा काय? पिशवी तर आमच्या घरात चुलीत गेली होती.

उत्तर : मग दुकानदार म्हणाला ते खरंच, पुरावा जळाला. यंदा असं करा. बी आणलं की त्यातले १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, पाणी शिंपडत राहा. आठव्या-दहाव्या दिवशी मोड मोजा. ८० च्या खाली असतील तर राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, टाकूच नका, पिशवी तशीच परत न्या. मिठाच्या पाण्यात घालून हलकं बी काढायची आपली जुनी रीत घरच्या बियाण्याला उत्तम, पण औषध लावून रंगवलेल्या या बियाण्याला नको. संकरित दाण्याचं टरफल पुष्कळदा नीट मिटलेलं नसतं, चांगलं बीही तरंगतं आणि आपण ते फेकून देतो.

पावती घ्याच, तीवर वाणाचं नाव आणि लॉट नंबर लिहून घ्या. मूठभर बी डबीत बाजूला काढा. तरवा कमी उगवला तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. तालुक्याची बियाणे तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पाहणी करते, पण ती येईपर्यंत तरवा मोडू नका. निळी खूणचिठ्ठी प्रमाणित बियाण्याची, हिरवी कंपनीने स्वतःच्या हमीवर विकलेल्याची. संकरित भाताला बहुधा हिरवीच दिसेल, त्यात वावगं काही नाही. त्या चिठ्ठीवरच लॉट नंबर, उगवणीचा टक्का आणि मुदत असते, आणि ती पिशवीच्या तोंडाशी शिवलेली असते. म्हणून पिशवी तोंडाकडून फाडू नका. उलटी करा आणि बुडाकडून कापा.